शेंगा तुमच्या, राख माझी

माझा गोबरगॅस बंद पडला नव्हता. त्याला थंडी वाजत होती. हे मी तेव्हा नागावच्या बाजारात सांगितलं, ग्रामपंचायतीच्या ओट्यावर सांगितलं आणि न्हाव्यापुढे बसून तोंडाला साबण लागलेला असतानाही सांगितलं. आजही तेच सांगतो. उरणच्या मिठागरांवर सबंध नोकरी काढलेल्या माणसाला ऊन आणि थंडी यांतला फरक कळत नाही, असं ज्यांना वाटत असेल त्यांनी खुशाल वाटून घ्यावं.

गावातला पहिला गोबरगॅस माझ्याच वाडीत कसा आला, ते सांगत बसत नाही. दुसऱ्या कुणालाच नको होता, एवढं पुरे. यंत्र म्हणाल तर साधं. घरामागे विटांची खोल विहीर बांधायची, तिच्यात शेण पाण्यात कालवून सोडायचं आणि वर मोठी लोखंडी टाकी उपडी घालायची. आत शेण कुजतं, गॅस होतो, तो टाकीत साठतो आणि टाकी हळूहळू वर चढते. गॅस नळीने स्वयंपाकघरात जातो, आणि संपला की टाकी खाली बसते. आमच्याकडे दोनच म्हशी. त्यांचं शेण पुरायचं नाही, म्हणून मी त्यात केळीची सालं, भाताची पेज, शहाळ्यांचा गर, जे हाताला लागेल ते कालवत होतो.

या यंत्रात एकच खोट आहे आणि ती सरकारी माहितीपत्रकात दिलेली नाही. टाकी कुंपणावरून दिसते. रस्त्याने जाणाऱ्या कुणालाही राऊतांच्या घरी आज काय परिस्थिती आहे ते एका नजरेत कळतं. माणसाची अब्रू अशी वरखाली होणाऱ्या वस्तूवर ठेवायला नको होती. पण योजना आखणारे लोक मुंबईत बसतात आणि तिथे कुणाला कुंपण नसतं.

टाकी माझी नव्हती. ती विकास गटाच्या कचेरीने प्रात्यक्षिकासाठी दिलेली होती. विहीर मी बांधायची, शेण मी आणायचं, हसं माझं व्हायचं आणि टाकी सरकारची. गॅस नीट चालला तर टाकी कायमची इथे राहणार होती. नाही चालला तर उचलून पालीकडच्या एका गावाला देणार होते.

आता मी या भानगडीत पडलो कशासाठी, ते सांगायलाच हवं. नारळाच्या सालींची ओली सोडणं आणि झावळ्या जाळून जाळून सगुणेचे, म्हणजे माझ्या बायकोचे, डोळे बारा महिने लाल असायचे. अलिबागच्या डॉक्टरांनी डोळे तपासले आणि धूर टाळा म्हणून सांगितलं. चूल पेटवणाऱ्या बाईला धूर टाळा म्हणणं म्हणजे कोळ्याला पाणी टाळा म्हणण्यासारखं आहे. त्या दिवशी परत येताना मी तिला शब्द दिला की तुझी फुंकणी एक दिवस मी स्वतःच्या हाताने विहिरीत फेकून देईन. मी शब्द फार देत नाही. त्यामुळे दिला की तो मला छळतो.

आश्विनात ऊन मी म्हणत होतं तेव्हा गॅस सुरू झाला. निळी ज्योत बघायला अर्धं गाव आमच्या स्वयंपाकघरात येऊन गेलं. पलीकडच्या आळीतल्या बायका तर आपापली भांडी घेऊन आल्या, म्हणजे खरंच पाणी उकळतं की नुसता देखावा आहे ते कळावं म्हणून. सगुणेने फुंकणी स्वच्छ धुतली आणि माळ्यावर टाकली. मी ती विहिरीत टाकायला निघालो होतो, पण तिने टाकू दिली नाही. थोडे दिवस बघू या, म्हणाली. बायकांचा विज्ञानावर विश्वास जरा कमीच असतो, असं मी तेव्हा चारचौघांत बोलून गेलो. चारचौघांच्या ते चांगलं लक्षात राहिलं.

मग थंडी आली. चीनच्या लढाईनंतरची ती थंडी, त्यामुळे ती हिमालयातून चिनी लोकांनीच सोडली आहे असं गावात ठाम मत होतं. मार्गशीर्षात आमच्या विहिरीवर सकाळी धुकं दिसायला लागलं आणि टाकी बसायला लागली. आधी दोन वेळच्या स्वयंपाकाचा गॅस एकवेळचा झाला. मग नुसता चहाचा झाला. मग ज्योत देवापुढच्या निरांजनाएवढी झाली आणि एका सकाळी तीही विझली. सगुणेने स्टूल घेतलं, माळ्यावर हात घातला आणि फुंकणी खाली काढली. ती काही बोलली असती तर बरं झालं असतं.

आमच्या कुंपणापलीकडे धर्माजीची भातशेती. हा माणूस भात लावतो, रेडे राखतो आणि उरलेला सगळा वेळ कुंपणावर कोपर टेकून दुसऱ्यांच्या कामाची पाहणी करतो.

"राऊतसाहेब, टाकी पार बसली जनू," तो म्हणाला.

मी त्याला शास्त्र समजावून सांगितलं. या शेणकाल्यात डोळ्यांना न दिसणारे जंतू असतात. ते शेण खातात आणि गॅस सोडतात. त्यांना आपल्या अंगाएवढी ऊब लागते. काला गार पडला की ते सुस्तावतात, खाणं सोडतात आणि झोपून राहतात. धर्माजीने हे सगळं मन लावून ऐकलं आणि मग म्हणाला, "म्हंजे आत जित्राब हाय. मंग त्याचा ताप बघा की."

सल्ला मला पटला, याचं मला अजूनही नवल वाटतं. घरात एकच तापमापी होती, ती काखेत लावायची. मी ती दोऱ्याला बांधून काल्यात सोडली. तिच्यावरचे आकडे आजारी माणसासाठी असतात, गार शेणासाठी नाही. पारा जागचा हलला नाही. धर्माजीने तापमापीकडे पाहिलं, माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि हळूच डोक्यावरची टोपी काढली.

दुपारपर्यंत गावात बातमी झाली की राऊतांचा गॅस वारला.

त्यानंतर जो तो सल्ला द्यायला लागला. गोधड्या घाला, असं पहिल्यांदा कुणी म्हटलं आठवत नाही. मी सगुणेच्या ट्रंकेतल्या झाडून सगळ्या गोधड्या टाकीवर घातल्या आणि वर काथ्याने आवळून बांधल्या. दुसऱ्या दिवशी कुणीतरी टाकीला कानटोपी घालून गेलं. मी ती काढली नाही. ऊब ती ऊब, कुठल्या भावनेने दिली आहे ते जंतू बघत नाहीत. मासळी विकणारी ठमाबाई डोक्यावर पाटी घेऊन कुंपणापाशी थांबली, गोधड्यांकडे बघून तिने आवाज खाली आणला आणि राऊतदादांना बरं न्हाय काय, असं आमच्या म्हशींना धुणाऱ्या गड्याला विचारलं. मी शेजारीच उभा होतो.

गोधड्यांनी काही झालं नाही. गार वस्तूला गोधडी घातली तर ती गारच राहते, हे मला नंतर सुचलं. मग मी कढत पाणी ओतायचं ठरवलं. शेण पाण्यातच कालवायचं असतं, तर ते गार पाण्यात का कालवावं? विचार बिनतोड होता. सकाळी एक हंडा, संध्याकाळी एक हंडा. टाकी बोटभर वर आली. मी आनंदाने सगुणेला बोलवायला स्वयंपाकघरात गेलो, तर धुरात ती दिसेना. पाणी तापवायला तिने मागच्या पडवीत दुसरी चूल मांडली होती. एक चूल बंद व्हावी म्हणून जो गॅस आणला, तो पेटावा म्हणून आता घरात दोन चुली पेटत होत्या. पदराने डोळे पुसत ती बाहेर आली.

"तुमच्या जंतूंची आंघोळ झाली," ती म्हणाली. "आता माझे डोळे कुणी धुवायचे, तेवढं सांगा."

मी हंडे बंद केले. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही, आणि हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

अशात ग्रामसेवक शिवदास सायकलवरून आला. मुलगा सज्जन, पण कचेरीचा माणूस. संक्रांत झाली की गटविकास अधिकारी साहेब स्वतः पाहणीला येणार, असं त्याने सांगितलं. ज्योत पेटली तर ठीक, नाहीतर टाकी त्याच दिवशी पालीकडे रवाना. मी म्हटलं, तुझ्या अहवालात गॅस बंद पडला असं लिहू नकोस, थंडीमुळे मंद आहे असं लिही. तो अडचणीत पडला. बंद पडण्याची कारणं वरून छापून आलेली असतात, काका, म्हणाला. जनावर मेलं, मालक मेला किंवा टाकी गळते. थंडीला जागा नाही. थंडी घालायची तर अलिबागहून मंजुरी आणावी लागेल, आणि ती येईपर्यंत उन्हाळा येईल. मी त्याला बजावलं की जनावर जिवंत आहे, मालक जिवंत आहे आणि चांगला संतापलेला आहे, हवं तर तसं लिही. त्याने चहा घेतला. चुलीवरचा.

ठमाबाईला टाकी जाणार हे कळलं तेव्हा तिला मनापासून वाईट वाटलं. बाई प्रेमळ. तिचं म्हणणं, थंडीत माणसाला म्हावरं घातलं की अंगात गरमी येते, तशी या जंतूंनाही येईल. कोलंबीची डोकी, बोंबलांची पोटं, जे ती फेकून द्यायची ते सगळं तिने पाटीभर माझ्या दारात आणून ओतलं. मी ते काल्यात घातलं. आमचं घर तीन पिढ्या मासे खाणारं, पण त्या आठवड्यात सगुणा नाकाला पदर लावून वावरली आणि दोन्ही म्हशी वाऱ्याकडे तोंड करून उभ्या राहायला शिकल्या. टाकी मात्र चढली. चांगली हातभर चढली. मी शिवदासला बोलावलं, धर्माजीला बोलावलं, चारचौघांना मुद्दाम बोलावलं, शेगडीची चावी फिरवली आणि काडी लावली. फुस्स करून काडीच विझली. दुसरी लावली, तीही विझली. गॅस होता, पण जळणारा नव्हता. गार पोटात जड जेवण गेलं की माणसाचं जे होतं, तेच झालं होतं. धर्माजीने जाताजाता मला ओवा द्या म्हणून सांगितलं. मला नव्हे, विहिरीला.

इथे दुसरा कुणी असता तर टाकी पालीला पाठवून मोकळा झाला असता. गावातले चार शहाणे तसं सुचवूनही गेले. मी त्यांना सांगितलं की टाकी इथेच राहील आणि गरज पडली तर मी तिच्यावर बसून राहीन. सरकारला टाकी उचलायची असेल तर मालकासकट उचलावी.

आता पोपटीकडे येतो. वालाच्या शेंगा भरल्या की आमच्या या किनाऱ्यावर संध्याकाळच्या थंडीत पोपटी लागते. मडक्यात भांबुर्डीचा पाला घालायचा, त्यावर शेंगा, अंडी, कोनफळं, असेल त्याच्याकडे कोंबडी, ओवा आणि जाडं मीठ. वरून पाल्याने तोंड दाबून बंद करायचं, मडकं जमिनीवर उपडं घालायचं आणि चोहीकडून पेंढा, पालापाचोळा पेटवायचा. मडक्यावर पाणी शिंपडून चर्र वाजलं की झाली. पोपटी लावणं हे पुरुषांचं काम, आणि ती एकट्याने खायची नाही, हा नियम. तेव्हा टाकीवरून माझी इतकी थट्टा करूनही धर्माजीने शेतात पोपटी लावली तेव्हा आम्हां दोघांना बोलावणं आलंच. मी रागात गेलो आणि पोट भरून आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याच बांधावरून जात होतो. धुकं दाट पडलं होतं. आदल्या संध्याकाळच्या राखेचा ढीग तिथेच होता. मी सहज त्यात बोट घातलं आणि ओरडलो. वरून गार, आत चांगली धग. बोट भाजलं आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पोपटीचं मडकं उपडं, आमची टाकी उपडी. आत पाला आणि नाना जिन्नस, आमच्यातही तेच. कोकणात हजारो मडकी अशी गरम होतात, मग एक विहीर का होऊ नये?

अर्थात मी मूर्ख नव्हतो. गॅसपासून आग लांब ठेवावी हे माहितीपत्रकात मोठ्या अक्षरांत होतं. मला आग नकोच होती, मला राख हवी होती. मी विहिरीभोवती गोल चर खणला. पण एवढी राख आणायची कुठून? एका घरची चूल पुरणार नव्हती, आणि चुलीचं नाव मी आता घरात काढू शकत नव्हतो. मी सरळ बाजारात उभा राहिलो आणि जाहीर केलं की यंदा ज्याला पोपटी लावायची असेल त्याने माझ्या वाडीत लावावी. जागा माझी, झावळ्या माझ्या. शेंगा तुमच्या, राख माझी.

लोक हसले. पण फुकटच्या झावळ्यांवर हसणं फार वेळ टिकत नाही. पहिल्या संध्याकाळी धर्माजी आला, त्याच्या पुढच्या दिवशी त्याची आळी आली, मग कोळीवाडा आला. संक्रांतीपर्यंत रोज दिवस मावळताना आमच्या वाडीच्या पार टोकाला, माडांच्या पलीकडे, मडक्यांच्या रांगा लागायला लागल्या. खाऊन झालं की जो तो आपली राख टोपलीने आणून माझ्या चरात ओतायचा आणि वर भाताचं तूस पसरायचा. निखारा दिसला की मी टोपली परत पाठवायचो. यावरून ठमाबाईचं आणि माझं भांडण झालं, कारण तिच्या मते मी निवडून निवडून भाजी घेतल्यासारखी राख घेत होतो. उरलेला पाला, शेंगांची टरफलं, केळीची पानं सगळं बारीक करून काल्यात जायचं. त्या दिवसांत सगुणा एका पाटावर बसून असायची. समोर सात-आठ पुरुष गालफडं फुगवून जाळ फुंकत होते, डोळे चोळत होते, खोकत होते. ती ते फार शांतपणे बघायची. इतकी खूश मी तिला लग्नाच्या वाढदिवसालाही पाहिलेली नव्हती.

आणि टाकी चढली. आधी वीतभर, मग हातभर, मग कानटोपीचा गोंडा कुंपणाच्या वर आला. या खेपेस मी कुणाला बोलावलं नाही. दार लावून काडी पेटवली. निळी ज्योत. मी दार उघडलं आणि बाहेर येऊन उगीचच म्हशीच्या पाठीवर थाप मारली.

साहेब जीपमधून आले. पांढरी पॅन्ट, हातात वही, मागे शिवदास. वाडीभर टरफलं आणि विहिरीभोवती वाफाळणारी राख पाहून ते जरा बिचकले, पण टाकी बघून खूश झाले. गाव कुंपणावर होतंच. मी म्हटलं, साहेब, आत चला, गॅसवरचा चहा घ्या. सगुणेने आधण ठेवलं, मी ऐटीत चावी फिरवली. ज्योत पेटली, गुडगुड असा आवाज झाला, ज्योत दोनदा नाचली आणि गेली. पुन्हा लावली. गुडगुड आणि अंधार. बाहेर टाकी माडाएवढी उंच आणि आत चहाचं पाणी गार.

साहेबांनी वही उघडली. कारण मला लगेच कळलं. विहीर आता गरम, नळी मात्र थंडीत उघडी. गॅसबरोबरची वाफ नळीत गार होऊन पाणी झालं होतं आणि वाकणात साठलं होतं. ते पाणी मागे लोटलं की झालं. मी रबराची नळी काढली, नळाला तोंड लावलं आणि फुंकलं. माझे कान वाजले, पाणी हललं नाही. शिवदास फुंकून लालबुंद झाला. धर्माजी खिडकीतून आत आला आणि फुंकताफुंकता खोकत खाली बसला. साहेबांचं पेन वहीवर टेकलं होतं.

"सरका जरा," सगुणा म्हणाली.

तिने कोपऱ्यातली फुंकणी घेतली, तिचं एक टोक नळाला लावून भोवती ओला फडका आवळला, गुडघ्यावर हात टेकला आणि एक फुंकर मारली. ओली सोडणं पेटवून पेटवून कमावलेली फुंकर ती. नळीत खळखळ झालं, पार बाहेर विहिरीपर्यंत आवाज ऐकू गेला आणि कुंपणावरच्या मंडळींनी टाकी हलली म्हणून ओरड केली. तिने रबरी नळी जोडली आणि काडी ओढली. ज्योत वीतभर उंच आली आणि तशीच राहिली.

चहा झाला. साहेब प्रसन्न झाले. टाकी तुमचीच, म्हणाले, फक्त एवढं लिहून द्या की यापुढे थंडीत गॅस कमी पडणार नाही. आता सही करायला काय हरकत होती? सगळं गाव डोळ्यांनी मला कर म्हणत होतं. पण मला ते जमेना.

"कमी पडणार," मी म्हटलं. "मार्गशीर्ष आला की जंतू झोपणार. झोपणार नाहीत असं मी लिहून देणार नाही. थंडी आहे ती आहे."

शिवदासने कपाळाला हात लावला. साहेबांनी पेनाचं टोपण बंद केलं आणि मग टाकी इथे ठेवता येणार नाही, असं म्हणाले. सगुणेने त्यांच्या हातातल्या कपाकडे पाहिलं.

"साहेब, थंडीत चहासुद्धा लवकर निवतो," ती म्हणाली. "म्हणून तुम्ही घरच्या कपबश्या उचलून कुणाला देता काय?"

साहेब आधी तिच्याकडे बघत राहिले, मग कपाकडे, आणि मग इतके हसले की चहा पांढऱ्या पॅन्टवर सांडला. त्यांनी वहीत काय लिहिलं ते मी पाहिलं नाही. टाकी राहिली.

मंडळी गेल्यावर मी फुंकणी उचलली आणि दिलेला शब्द पाळायला विहिरीकडे निघालो. सगुणेने ती माझ्या हातातून काढून घेतली, फडक्याने पुसली आणि गॅसच्या नळाशेजारी खिळा ठोकायला सांगितला. चुलीपाशी नको, इथे, म्हणाली. मी खिळा ठोकला. तिथून ती फुंकणी हललेली नाही.

आता तिच्या डोळ्यांना पाणी येतं ते कांदा चिरताना. पोपटीच्या दिवसांत धुराने येतं, पण त्याची ती तक्रार करत नाही. दर मार्गशीर्षात आमची टाकी बसते आणि मी ती बसू देतो. कुणी कुंपणावरून विचारलं की राऊतसाहेब, बंद पडली काय, तर मी एवढंच सांगतो की थंडी वाजते आहे, हसायचं असेल तर आत येऊन हसा, आणि येताना मडकं घेऊन या.